विश्लेषण : फॉर्ममधली ती लाल चांदणी कुणाला बाहेर ठेवते?

'लाडकी बहीण'ची ई-केवायसी असो की आंबिवलीतल्या एका अभ्यासिकेची नोंदणी, ऑनलाइन फॉर्ममधला प्रत्येक सक्तीचा रकाना हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. तो कुठे चुकतो आणि कसा सुधारता येतो?

मोबाइलवर फॉर्म भरताना आपण सगळेच कधी ना कधी अडकलो आहोत. नाव लिहिलं, नंबर टाकला, ओटीपी आला आणि मध्येच असा एक रकाना समोर आला की ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही. शेजारी लाल चांदणी. म्हणजे तो भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सरकारी कचेरीत असं झालं तर खिडकीपलीकडे निदान एक माणूस बसलेला असतो. 'साहेब, हे कागद नाहीत आमच्याकडे, दुसरं काही चालेल का?' असं त्याला विचारता येतं. मोबाइलच्या पडद्याला ते विचारता येत नाही.

अशा वेळी 'वेबसाइट खराब आहे', 'सर्व्हर डाऊन आहे' असं म्हणून आपण सोडून देतो. पण बऱ्याचदा सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. चूक असते ती रकाना ठरवणाऱ्याची. मी इंजिनीअरिंग केलं आहे, असे फॉर्म स्वतः बनवले आहेत आणि अशी चूक स्वतःही केली आहे. म्हणून हे लिहितोय.

'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत नेमकं कुठे अडलं?

अलीकडच्या काळात राज्यात सर्वाधिक लोकांनी भरलेल्या फॉर्मपैकी हा एक. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या २१ ते ६५ वयोगटातल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये, असं तिचं स्वरूप. लाभार्थी महिलांची संख्या दोन कोटींच्या वर गेली. १८ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने सर्व लाभार्थ्यांना ई-केवायसी बंधनकारक केली आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

फॉर्म वरवर साधा होता. आधी स्वतःचा आधार क्रमांक आणि ओटीपी. त्यानंतर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. मग जात प्रवर्ग, दोन घोषणा आणि सबमिट. दुसऱ्या पायरीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. उत्पन्नाची अट एकट्या महिलेची नसून कुटुंबाची आहे. त्यामुळे कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीचीही पडताळणी हवी.

पण ज्या बाईचा नवरा वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने काय भरायचं? आधार क्रमांक द्यायला सुरुवात झाली २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. त्याआधी ज्यांचं निधन झालं त्यांच्या नावाने आधार असूच शकत नाही. आणि आधार असलं तरी गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी येऊन उपयोग काय? घटस्फोट झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचीही तीच गत. नवरा कुठे आहे हे माहीत नसताना त्याच्या फोनवरचा सहा आकडी क्रमांक आणायचा कुठून?

म्हणजे ज्या महिलांना या पैशांची गरज जास्त, नेमक्या त्याच दुसऱ्या पायरीवर थांबल्या. सरकारच्याही हे लक्षात आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, अशी वाट काढण्यात आली. ही वाट पहिल्याच दिवशी फॉर्मवर असायला हवी होती. 'वडील / पती' या दोन पर्यायांखाली 'दोघेही नाहीत' हा तिसरा पर्याय ठेवणं हे तंत्राच्या दृष्टीने फार तर तासाभराचं काम.

'हो' म्हणजे हो की नाही?

दुसरी अडचण भाषेची होती आणि मला ती जास्त शिकवून गेली. कुटुंबातली कुणी व्यक्ती कायमस्वरूपी सरकारी नोकरीत नाही आणि निवृत्तिवेतन घेत नाही, अशा अर्थाचं विधान फॉर्मवर होतं. त्यापुढे 'होय' किंवा 'नाही' निवडायचं होतं. ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकर नाही त्यांनी 'होय' निवडायचं, कारण वरचं नकारार्थी विधान खरं आहे.

आता हे मराठी बोलण्याच्या सवयीशी ताडून पाहा. 'तू जेवला नाहीस ना?' असं आईने विचारलं तर आपण 'नाही' म्हणतो किंवा 'हो, नाही जेवलो' म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच आणि आईला तो आवाजावरून कळतो. कॉम्प्युटरला आवाज कळत नाही. तो फक्त एक नोंद ठेवतो : होय किंवा नाही. घरात कुणी सरकारी नोकर नाही म्हणून सरळ मनाने 'नाही' वर बोट ठेवणारी बाई त्याच्या हिशेबी सरकारी नोकराच्या घरातली ठरते.

अनेक महिलांकडून असा चुकीचा पर्याय निवडला गेला. डिसेंबरमध्ये त्यांना दुरुस्तीची एक संधी देण्यात आली. तरीही हप्ता थांबल्याच्या तक्रारी आल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. 'तुमच्या घरात कुणी कायम सरकारी नोकरीत आहे का?' असा सरळ प्रश्न विचारला असता तर हे फिरणं वाचलं असतं. फॉर्म लोकांसमोर जाण्याआधी पाच-दहा बायकांच्या हातात मोबाइल देऊन 'जरा भरून दाखवा' एवढं म्हटलं असतं, तरी ही चूक पहिल्याच दुपारी पकडली गेली असती.

उलट बाजूही सांगायला हवी. याच योजनेत १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या नावावर पैसे गेल्याच्या बातम्या जुलै २०२५ मध्ये आल्या होत्या. म्हणजे पडताळणी नकोच, असं कुणी म्हणू नये. प्रश्न विचारायलाच हवेत. पण खोट्याला अडवणारा प्रश्न आणि खऱ्याला अडवणारा प्रश्न यांतला फरक फॉर्म बनवणाऱ्याला कळला पाहिजे.

फॉर्मच्या मागे नेमकं काय चालतं?

थोडं तंत्र समजून घेऊ. कोणत्याही ऑनलाइन नोंदणीचे तीन भाग असतात. पहिला आपल्याला दिसणारा : रकाने, बटणं, लाल चांदण्या. याला फ्रंट-एंड म्हणतात. दुसरा सर्व्हरवर चालणारा : आलेली माहिती तपासणारा आणि स्वीकारायची की परत पाठवायची हे ठरवणारा. तिसरा भाग म्हणजे डेटाबेस, जिथे माहिती साठवली जाते.

जगभरातल्या असंख्य वेबसाइट वर्डप्रेस या मोफत प्रणालीवर चालतात. शाळा, संस्था, मंडळं यांच्या साइटही बऱ्याचदा तिच्यावरच असतात. गंमत म्हणजे वर्डप्रेसची मूळ नोंदणी फक्त दोन गोष्टी मागते : युजरनेम आणि ईमेल. बाकी जे काही विचारलं जातं, म्हणजे वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, पत्ता, फोटो, ते सगळं त्या साइटच्या मालकाने वरून जोडलेलं असतं. यांना कस्टम फील्ड म्हणतात. मराठीत 'आपल्या गरजेनुसार जोडलेले रकाने' म्हणू. डेटाबेसमध्ये त्यांची नोंद दोन बाजूंनी होते. एका बाजूला रकान्याचं नाव, दुसऱ्या बाजूला तुम्ही दिलेलं उत्तर.

रकाना जोडायला आता कोडिंगही यावं लागत नाही. तयार प्लगइन मिळतात. यादीतून 'मजकूर', 'तारीख', 'फाइल' यांपैकी एक उचलायचं, फॉर्मवर ओढून आणायचं, 'सक्तीचं' या शब्दासमोर टिक करायची. दहा सेकंदांचं काम. इतकं सोपं आहे म्हणूनच ते विचार न करता होतं. टिक करणाऱ्याचे दहा सेकंद जातात आणि भरणाऱ्याची अख्खी दुपार.

आंबिवलीत मी केलेला फॉर्म

माझी चूक आता सांगतो. आंबिवलीत एक छोटी अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, बँकेच्या परीक्षा यांची तयारी करणारी मुलंमुली तिथे बसतात. ती चालवणाऱ्या सरांनी एकदा विचारलं, 'वहीत नोंदणी करून कंटाळा आलाय, ऑनलाइन करून देशील का?' मी हो म्हटलं. त्यांच्या वहीत चार रकाने होते : नाव, फोन, कोणती परीक्षा, सकाळ की संध्याकाळ.

माझ्या फॉर्ममध्ये सतरा होते. ईमेल, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, कॉलेज, टक्केवारी, आधारचा फोटो, शहर, पिनकोड आणि आणखी काय काय. जोडता येत होतं म्हणून मी जोडत गेलो. 'पुढेमागे लागेल' हे माझं कारण. सतरांपैकी चौदांवर चांदणी.

पहिल्या आठवड्यात सरांना वाटलं की मुलांना फॉर्म कळत नाही. मी डेटाबेस उघडून पाहिला. मुलांना फॉर्म चांगलाच कळला होता. ईमेलच्या रकान्यात कुठलेतरी बनावट पत्ते होते. टक्केवारीत बऱ्याच जणांनी सरसकट ६० लिहिलं होतं. वडिलांच्या व्यवसायात 'काम', 'जॉब', नुसता एक टिंब. सक्ती केली की माहिती मिळते, हा आपला गैरसमज. सक्ती केली की उत्तर मिळतं, एवढंच. एका मुलाने वडिलांच्या नावापुढे 'नाही' लिहिलं होतं. ते वाचल्यावर मी ती फाइल बंद केली.

दुसरी अडचण पत्त्याची. आंबिवली मध्य रेल्वेवर कल्याण, शहाडच्या पुढे आणि टिटवाळ्याच्या अलीकडे. पण अंधेरी पश्चिमेलाही आंबिवली गाव आहे आणि कर्जत तालुक्यात कोथळीगडाच्या पायथ्यालाही आंबिवली आहे. मी पत्ता आपोआप सुचवणारी सोय जोडली होती, तर काही मुलांच्या नावापुढे मुंबई उपनगर जिल्हा लागला. 'शहर' या यादीत मी कल्याण आणि डोंबिवली एवढेच पर्याय दिले होते. इथली माणसं पत्ता सांगताना मोहने म्हणतात, अटाळी म्हणतात, वडवली म्हणतात. एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली तरी 'एनआरसी कॉलनी' हा पत्ता अजून चालतो. मी लहानपणापासून ज्या गावात राहतो, त्या गावाचं नावच माझ्या यादीत नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र मला माझ्या हुशारीची खूण वाटली होती. एका मोबाइल नंबरवर एकच नोंदणी. डुप्लिकेट नोंदी टाळायचा हा सर्रास वापरला जाणारा उपाय. एका संध्याकाळी एक मुलगी अभ्यासिकेच्या दारात आली आणि म्हणाली, 'दादा, माझी नोंदणी होतच नाहीये. हा नंबर आधीच वापरलाय असं येतंय.' घरात फोन एकच होता. त्यावरून भावाने आधी नोंदणी केली होती. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला होता आणि मग आपलंच काही चुकतंय असं समजून आठवडाभर गप्प राहिली होती. तोवर संध्याकाळच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या.

सरांच्या वहीत हे घडलं नसतं. एका फोन नंबरखाली दोन नावं लिहायला वहीला काहीच हरकत नव्हती. ही अट मी घातली होती, सरांनी नाही. त्यांना ती माहीतही नव्हती. भरतीची तयारी करणाऱ्या मुलीचे दोन महिने मी एका टिकेने घालवले असते. सरांनी एक जादा खुर्ची टाकली म्हणून निभावलं.

मराठी नाव फॉर्ममध्ये का बसत नाही?

आपल्याकडचे बरेच फॉर्म परदेशातल्या साच्यावर बनतात. तिथे नावाचे दोन भाग, आपल्याकडे तीन. आणि आता चार. ११ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने आईचं नाव बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम असा : बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ही मुलं काही वर्षांत शाळेत जातील. पालकांच्या समोर 'फर्स्ट, मिडल, लास्ट' असे तीन रकाने आले, तर आईचं नाव कुठे लिहायचं? निर्णय शासनाने घेतला, पण शाळेच्या, क्लासच्या, बँकेच्या फॉर्ममध्ये जागा झाली नाही तर आईचं नाव पुन्हा गळणार. नावासाठी एकच मोठा रकाना ठेवणं आणि 'कागदपत्रांवर आहे तसं पूर्ण नाव लिहा' असं सांगणं, हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

लिपीचं दुखणं वेगळंच. नावात आकडे किंवा चिन्हं येऊ नयेत म्हणून 'फक्त अक्षरं चालतील' असा नियम बरेच जण लावतात. पण त्या नियमात अक्षरं म्हणजे इंग्रजी ए ते झेड. मराठीत नाव लिहिलं की 'अवैध नाव' असा शेरा येतो. फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर आकडेही देवनागरी उमटतात आणि '९८' ने सुरू होणारा खरा नंबर नाकारला जातो. देवनागरी आकडे आतल्या आत बदलून घ्यायला कोडच्या दोन ओळी पुरतात.

'कऱ्हाडे', 'गोऱ्हे' या आडनावांतला ऱ्ह घ्या. तो कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले संकेत वेगळे असतात. नोंदणी एका प्रकारे झाली आणि शोध दुसऱ्या प्रकारे घेतला, तर 'असं नाव सापडलं नाही' असं उत्तर येतं. माणूस समोर उभा असतो आणि यादीत नसतो.

स्त्री-पुरुष हा रकानाही असाच. तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ एप्रिल २०१४ चा आहे. त्यानंतरही दोनच पर्याय देणारे फॉर्म आजही सर्रास दिसतात. आणि अभ्यासिकेत खुर्ची द्यायला हे विचारायची गरज असते का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

जादा रकाना धोकादायक कसा?

रकाने वाढवल्याने फक्त त्रास होतो असं नाही. नुकसानही होतं. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या एक्सपीडिया या अमेरिकी कंपनीचं उदाहरण या व्यवसायात नेहमी सांगितलं जातं. पैसे भरण्याच्या पानावर त्यांनी 'कंपनी' नावाचा एक ऐच्छिक रकाना ठेवला होता. काही ग्राहकांनी तिथे आपल्या बँकेचं नाव लिहिलं आणि मग पत्त्यातही बँकेचाच पत्ता टाकला. पत्ता जुळेना, कार्ड नाकारलं जाई. तो एक रकाना काढल्यावर वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं.

दुसरा धोका सुरक्षेचा. २०२३ च्या जूनमध्ये वर्डप्रेसच्या 'अल्टिमेट मेंबर' या नोंदणी फॉर्म बनवणाऱ्या प्लगइनमध्ये एक गंभीर दोष उघड झाला. दोन लाखांहून अधिक साइटवर ते बसवलेलं होतं. वापरकर्ता साधा सदस्य आहे की व्यवस्थापक, ही नोंदही वर्डप्रेस इतर जोडलेल्या माहितीशेजारीच ठेवतं. हल्लेखोर फॉर्मवर न दिसणारा तो रकाना स्वतःच जोडून पाठवत आणि थेट साइटचे व्यवस्थापक बनत. प्लगइनकडे 'ही नावं स्वीकारू नका' अशी यादी होती. हल्लेखोरांनी नावात किरकोळ बदल करून ती चुकवली. पुढच्या आवृत्तीत दोष दुरुस्त झाला.

धडा सोपा आहे. फ्रंट-एंडवरची तपासणी ही भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, कुलूप म्हणून नाही. पडद्यावर जे दिसतं ते कुणीही बाजूला सारून थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतो. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवर व्हायला हवी. आणि 'काय घ्यायचं नाही' याऐवजी 'फक्त हेच पाच रकाने घ्यायचे' अशी यादी हवी.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. या कायद्यानुसार संमती ही सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ग्राह्य धरली जाते. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने उपचारासाठीच्या माहितीसोबत तुमच्या फोनमधल्या संपर्क यादीचीही परवानगी घेतली आणि तुम्ही दोन्हींना 'हो' म्हटलं, तरी संपर्क यादीपुरती ती संमती धरली जात नाही. सल्ला द्यायला ती यादी लागतच नाही.

माहिती का घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आहे. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. दहावी-बारावीची मुलं घेणाऱ्या प्रत्येक क्लासला आणि अभ्यासिकेला हे लागू होऊ शकतं. माहितीची सुरक्षा राखली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सरकारी योजनांच्या लाभासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, त्यामुळे संमतीचा हा नियम तिथे जसाच्या तसा लागत नाही. माझ्या मते मोजकंच विचारण्याची शिस्त सरकारने कायद्याची वाट न पाहता स्वतःहून पाळायला हवी. खासगी ॲप नको असेल तर काढून टाकता येतं. रेशनचा, शिष्यवृत्तीचा, पेन्शनचा फॉर्म सोडून देता येत नाही.

मग रकाना ठेवायचा कसा?

सोसायटी, मंडळ, क्लास, शाळा किंवा खातं, कुणीही फॉर्म बनवत असेल तर प्रत्येक रकान्यापुढे हे प्रश्न विचारावेत.

१. हे उत्तर नसेल तर नेमकं कोणतं काम अडेल? उत्तर 'पुढेमागे लागेल' असं आलं तर रकाना काढून टाका.

२. हे उत्तर कुणाकडे नसू शकतं? विधवा, अनाथ, भाडेकरू, घरात एकच फोन असलेले, ईमेल नसलेले. त्यांच्यासाठी 'माझ्याकडे हे नाही' असा पर्याय ठेवा.

३. प्रश्न होकारार्थी आहे का? 'नाही ना?' असं विचारत असाल तर वाक्य बदला.

४. मराठीत नाव, मराठीत आकडे लिहिले तर चालतं का? स्वतःच्या फोनवर मराठी कीबोर्डने एकदा भरून पाहा.

५. चूक झाली तर दुरुस्ती कशी करायची? 'एकदाच संधी' हे उत्तर पुरेसं नाही.

६. ही माहिती किती दिवस ठेवणार आणि कोण पाहणार? अभ्यासिकेला आधारच्या फोटोची गरज नव्हती. तो माझ्याकडे असणं हीच जोखीम होती.

फॉर्म भरणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. आधारची प्रत द्यावीच लागली तर 'मास्क्ड आधार' द्या. आधार प्राधिकरणाच्या साइटवरून तो डाऊनलोड करता येतो आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि अडकलात तर आपल्यालाच कळत नाही असं समजून गप्प बसू नका. पडद्याचा स्क्रीनशॉट काढा, ज्यांचा फॉर्म आहे त्यांना पाठवा. तुम्ही अडला असाल तर आणखी कुणीतरी नक्की अडलेलं असतं.

माणसाची खिडकी हवीच

'लाडकी बहीण'मध्ये शेवटी गाडी कुणामुळे पुढे सरकली? अंगणवाडी सेविकांमुळे. मृत्यू प्रमाणपत्रं त्यांनी घ्यायची, घरी जाऊन पडताळणीही त्यांनीच करायची. फॉर्मने वाचवायचं ठरवलेलं काम, फॉर्मच्या चुकीमुळे, आधीच कामाने वाकलेल्या बायकांच्या अंगावर पडलं. फॉर्म ठरवतानाच त्यांना विचारलं असतं, तर गावात किती घरांत नवराही नाही आणि वडीलही नाहीत, हे त्यांनी तोंडपाठ सांगितलं असतं.

ऑनलाइन नोंदणी नको, असा याचा अर्थ नाही. कल्याणला जाऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा आंबिवलीत घरी बसून फॉर्म भरणं केव्हाही बरं. पण कितीही विचार करून रकाने ठरवले तरी कुणीतरी त्यात बसत नाही. त्या माणसासाठी फॉर्मवर एक फोन नंबर हवा आणि तो उचलणारा माणूस हवा.

अभ्यासिकेच्या फॉर्ममध्ये आता पाच रकाने आहेत : पूर्ण नाव, फोन, परीक्षा, वेळ आणि 'आणखी काही सांगायचं आहे का?' चांदणी फक्त पहिल्या चारांवर. एका नंबरवर कितीही नोंदी चालतात. सगळ्यात खाली सरांचा नंबर आहे. शेवटच्या रकान्यात बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. पण मध्यंतरी एका मुलीने लिहिलं होतं, 'फोन आईचा आहे, ती सातनंतर घरी येते, त्याआधी करू नका.' माझ्या सतरा रकान्यांत हे विचारणारा एकही नव्हता.